मूळ ठिकाण

डॉक्टर बाल्वानेरा जाऊन आठ महिने झाले.
दाताची खुर्ची अजून मागे कललेली,
तिच्यावरचा दिवा वाकलेला, कुणी तोंड उघडायची वाट बघत.
आणि जिथे दुसऱ्यांकडे जबड्यांचे साचे असतात
तिथे काचेमागे
मातीची माणसं, पोपट, फुगलेली कुत्री,
हिरव्या दगडाची एक कुऱ्हाड जिने कधी काहीच तोडलं नाही.

मी संग्रहालयातली नोंदणी कारकून.
एकशे बारा कोरे फॉर्म घेऊन तेपिकहून आलेय.
वस्तू. साहित्य. उंची. मूळ ठिकाण.
चौथा रकाना रिकामा राहिला
तर तळघरातल्या लोखंडी मांडणीवर
"अज्ञात" नावाचं एक मोठं गाव आहे, तिथे रवानगी.

"मला काय विचारतेस," सेन्योरा ओतिलिया म्हणते,
"ज्याने काढलं त्याला विचार."

कासिल्दो येतो. ब्याऐंशीचा. हॅट हातात.
कपाटासमोर उभा राहतो तो देवासमोर उभं राहावं तसा नाही,
बाजारात आपलंच विकलेलं खेचर दिसावं तसा.
इथे अशांना मोनेरो म्हणतात.
मोनो म्हणजे बाहुली, मातीची,
आणि मोनेरो तो, जो ती रात्री उकरतो.

हा कुत्रा?
"सळई घातली. जात होती, जात होती,
मग एकदम हलकी झाली, कुणी आतून ओढल्यासारखी.
बाहेर काढून टोक हुंगलं.
बंद जागेला वास असतो पोरी,
रिकाम्या रांजणात डोकं घातलंस की येतो तो."
ते झालं. पण ठिकाण?
"सेबोरुकोच्या उतरणीवर. तेव्हा मका होता.
आता सगळा अगावे, निळा, काटेरी,
आणि मालक ग्वादालाहाराला."
मी लिहिते: उतार. मग खोडते.

ही गुडघ्यावर हात ठेवलेली बाई?
"हिच्यापायी फाउस्तिनो पडला, माझा मेव्हणा.
साडेचार मीटर. हासळीचं हाड मोडलं.
धाकटीचा बाप्तिस्मा मात्र झाला त्या वर्षी."
केवढ्याला दिली?
तो आकडा सांगतो.
कपाटाचं कुलूप त्याहून महाग असेल.
सेन्योरा खिडकीकडे बघते.

हाडं होती ना आत?
"असायचीच. बाजूला सारली.
हाडं कोण घेतं."
हे तो हळू म्हणत नाही, मोठ्यानेही नाही.
डॉक्टरच्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे किंमत आहे,
वार आहे, त्या दिवशीची हवाही आहे,
हाडांचा शब्द नाही,
तोही आयुष्यभर हाडांतच हात घालून बसलेला असून.

अर्ध्याहून जास्त फॉर्म झाले तेव्हा घर निघालं.
तळहाताएवढं: चार खांब, उतरतं छप्पर, रंगाचे पट्टे,
माडीवर माणसं जेवायला दाटीवाटीने,
जिन्यात कुत्रं, त्याची नजर ताटावर.
मी मोजली. आठ.
"नऊ," कासिल्दो म्हणाला.
"एक निसटला होता बुडापासून.
डॉक्टरला तुटकं चालायचं नाही, मग मी ठेवला."

कुठे आहे तो?

हॅटची कड त्याने एक पूर्ण फेरी फिरवली.
"ब्रिखिदाबरोबर दिला. शवपेटीत, हाताशी.
ती एकटी कधी जेवली नाही."

नियमाप्रमाणे मला हे कळवायला हवं.
कलम आहे, दंड आहे, उत्खननाच्या परवानगीचा नमुनाही आहे,
आणि तिचं थडगं, तो म्हणतो, चर्चच्या मागे,
बुचाच्या झाडापासून तिसरं.
सबंध दिवसात
इतका नेमका पत्ता त्याने एकदाच दिला.

उंची: अकरा सेंटिमीटर. रंग: लाल, पांढरा.
माणसं: पेन थांबलं, मग आठ.
माडीच्या कडेला एक फिकट गोल डाग आहे,
कुणी बसून उठल्यासारखा.
कासिल्दोने त्यावर करंगळी ठेवली,
नखाखाली माती नव्हती, म्हातारं स्वच्छ नख,
आणि विचारलं,
आवाकात्लानची शेवटची बस गेली का.